हनीमून पॅकेजमधला एक्स्ट्रा बेड

"मॅडम, शादी को नौ साल हो गए. अब कौन सा हनीमून?"

मुंबईचा ऑपरेटर फोनवर हसत होता. मी हसत नव्हते. ते नऊ वर्षांचं जोडपं माझ्या टेबलासमोरच बसलं होतं आणि त्याचा आवाज त्यांच्यापर्यंत स्वच्छ पोचत होता.

"पहला हनीमून," मी म्हटलं. "हुआ ही नहीं तो पुराना कैसे होगा? आप हॉटेल से पूछो तो सही."

ऑपरेटर म्हणजे आमच्यासारख्या गावोगावच्या एजंटांना परदेशातली हॉटेलं आणि टूर ठोकात देणारा माणूस. आणि हनीमून पॅकेज म्हणजे नव्या जोडप्याला हॉटेलकडून मिळणारे लाड. पलंगावर फुलं, एक केक, एका संध्याकाळी किनाऱ्यावर मेणबत्ती लावून जेवण. अट एवढीच की लग्न ताजं हवं. पुरावा म्हणून लग्नपत्रिका मागतात. यांच्याकडे पत्रिका होती, पण तिच्यावरची हळद पार उडून गेली होती.

गोष्ट २०१० च्या आसपासची. गोंदियात माझं तिकिटांचं ऑफिस. रेल्वेची तिकिटं, चारधामच्या बस, अधूनमधून एखादं विमान. इथला माणूस परदेशात समुद्रकिनारी जायचं म्हणून सहसा येत नाही. हेमराज आला. जवळच्या कामठा गावचा, पोवार शेतकऱ्याच्या घरचा, धानाची चांगली शेती. पैशाची अडचण नव्हती. ती असती तर बरं झालं असतं असं मला नंतर वाटलं. पैसे नाहीत म्हटलं की माणूस सुटतो.

बायकोचं नाव वनिता. पहिल्या दिवशी सुरुवातीला ती बोललीच नाही. मी मॉरिशसची चित्रं दाखवत होते, निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं. हेमराज प्रत्येक चित्राला मान हलवत होता. मी तिला विचारलं, "तुम्हाला काय आवडलं?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मॅडम, समुद्राचा आवाज खोलीत येते का?"

"येतो ना."

"किती मोठा?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. लोक विचारतात शाकाहारी मिळेल का, एसी आहे का, पोहता येत नाही तर चालेल का.

मग तिने सांगितलं. तिचं माहेर इटियाडोह धरणाकडचं. धरण भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की घरात एकमेकांशी मोठ्याने बोलावं लागायचं. सासरी उलटं. घर जुनं, कवेलूचं, म्हणजे कौलारू. हिच्या आणि सासूच्या खोल्यांमधली भिंत छपरापर्यंत गेलेलीच नाही. वर हातभर मोकळं.

"पलीकडं माय झोपते," हेमराज खाली बघत म्हणाला. "कूस बदलली तरी तिले समजते."

"लग्न झाल्यापासून आमी फुसफुसच बोलून राहिलो," वनिता म्हणाली. "ह्यायचा खरा आवाज मी वावरातच आयकते. बैलाले हाकलते तवा." आणि ती तोंडाला पदर लावून हसली.

मग हळूच पुढे म्हणाली, "असी खोली पाहा, का आपुन मोठ्यानं बोललो तरी बाजूच्याले काही आयकू नाही गेलं पाह्यजे."

एवढंच तिला हवं होतं. मला तेव्हाच ठरवून टाकावंसं वाटलं की हे काम करायचंच, कमिशन गेलं चुलीत.

आता यात एक अडचण असते. मॉरिशसच्या बऱ्याच किनाऱ्यांवर लाटा येतच नाहीत. समुद्रात जरा आत प्रवाळाची रांग आहे, लाटा तिथेच फुटतात, आणि किनाऱ्यावरचं पाणी तळ्यासारखं उभं असतं. चित्रात छान दिसतं, पण आवाज नाही. म्हणून मी ऑपरेटरच्या मागे लागले की दक्षिणेकडचं हॉटेल बघ, जिथे ती रांग तुटलेली आहे. तो म्हणाला, "मॅडम, सब लोग शांत बीच माँगते हैं, आपको शोर चाहिए?" मी म्हटलं, हो, शोरच चाहिए. शेवटी एक हॉटेल मिळालं. त्यातली टोकाची खोली मिळाली, तळमजल्यावर, शेजारी कोणी नाही. हॉटेलवाल्यांनी जुनी पत्रिका बघून हनीमूनही मान्य केला. फेब्रुवारीच्या तारखा धरल्या, मळणी आटोपून धान विकून होतं तोवर. दोघांचे पासपोर्टही आले.

वनिताने व्हाउचर हातात घेऊन बघितलं. व्हाउचर म्हणजे हॉटेलात दाखवायचा कागद. त्यावर दोघांची नावं शेजारीशेजारी छापलेली होती. तिने ती दोनदा वाचली.

"घरी सांगितलं का?" मी विचारलं.

"सांगतो ना," हेमराज म्हणाला.

आमच्या भागात माणूस घर सोडून जातो ते तीन कारणांनी. कोणाचं लग्न, कोणाचं दुखणंखुपणं, नाहीतर देवाचं दर्शन. 'फिरायला जातो' हे कारण नाही. आणि 'बायकोला घेऊन फिरायला जातो' हे तर कारण सोडा, जवळजवळ गुन्हाच. हेमराज काय सांगणार, याचा विचार मी केला नव्हता. माझं काम खोलीचं होतं.

पंधरवड्याने तो आला. एकटाच, आणि चेहरा उतरलेला.

"मॅडम, एक नाव वाढवा लागते."

"कोणाचं?"

"मायचं."

मी पेन खाली ठेवलं. "काय झालं?"

"म्या घरी सांगतलं का दर्शनाले जातो. तुमच्या कार्यक्रमात तो तलाव नाही का, महादेवाचा?"

होता. मॉरिशसला डोंगरात एक तलाव आहे, गंगा तलाव म्हणतात, काठावर महादेवाची उंच मूर्ती. दक्षिणेच्या टूरमध्ये ते सगळ्यांनाच दाखवतात. अर्ध्या तासाचा थांबा असतो. हेमराजने त्या अर्ध्या तासाच्या आडोशाला अख्खी सुट्टी लपवली होती. आणि त्याचा डाव नीट बसला. फारच नीट बसला. माय म्हणाली, समुद्रापल्याडचा महादेव पोराने आधी बघायचा आणि आईने मागून, असं कोणत्या शास्त्रात आहे?

"अरे पण तुम्ही बोलले काऊन नाही?" मी चिडून त्याच्याच बोलीत विचारलं.

"काय बोलू मॅडम? बायकोसंग एकटं राहाचं हाये म्हनू? मायले?" त्याचे कान लाल झाले. "तोंडातून निघतच नाही तो शब्द."

मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी समजलंही. मीही याच गावातली. मी ऑपरेटरला फोन केला. हॉटेलात दुसरी खोली शिल्लक नव्हती. एक्स्ट्रा बेड मिळत होता. म्हणजे त्याच खोलीत पलंगाशेजारी तिसऱ्या माणसासाठी एक घडीचा पलंग.

"हनीमून में सास?" ऑपरेटर म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

मी स्वतःची समजूत घातली. निदान भिंत नाही तर लाटा तरी असतील. माय झोपली की दोघं किनाऱ्यावर जाऊन बसतील. मनाला फसवायला काहीतरी लागतंच.

पण गाडी तिथे थांबली नाही. माय जाणार तर घर कोण बघणार? हेमराजची बहीण सुमन आमगावला दिलेली, ती येऊन राहणार होती. तिला कळल्यावर ती म्हणाली, माय जाते, भाऊ जाते, भावजय जाते, मी का सवतीची पोर हाये? मले का देव नाही? झालं. सुमनही निघाली, आणि घर राखायला उरली वनिता.

तेव्हा मी स्वतः कामठ्याला गेले. निमित्त मायच्या आणि सुमनच्या पासपोर्टच्या अर्जांवरच्या सह्यांचं होतं. खरं म्हणजे भांडायलाच गेले होते.

सासूबाई अंगणात धान पाखडत होत्या. कष्टाने काळवंडलेली बाई, हाताला घट्टे. भांडावं असं तोंडच नव्हतं त्यांचं. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "बाई, तुमचे लई उपकार. या वयात मले देव भेटवून राहिल्या."

मी पाणी पिऊन घेतलं. तरी म्हटलं, "मावशी, चौघं जा ना मग. घराला कुलूप लावा. दहा दिवसांत काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घर पेटवायला सांगितलं होतं.

"भरल्या घराले कुलूप? आमच्या सासऱ्यापासून या घराले कुलूप नाही लागलं बाई. दाराले कडी-कोयंडा हाये, कुलूपच नाही. सांजेले दिवा कोन लावन?"

"शेजारचं कोणी लावेल."

"घरात लक्ष्मी असून शेजारचा दिवा कायले?" आणि त्या समजावत म्हणाल्या, अगदी मायेने, "वनिता लहान हाये. तिचं लई आयुष्य पडलं हाये, जाईल पुढच्या साली. आमी पिकलं पान. आज हाये, उद्या नाही."

हेमराज खांबाला टेकून उभा होता. त्याने एकदा तोंड उघडलं. आमगावहून आलेली सुमन काहीतरी म्हणाली आणि ते बंद झालं.

मी चहाचा कप ठेवायला आत गेले. वनिता चुलीपाशी होती. तिच्या मागे, खोलीच्या उघड्या दारातून, ती भिंत दिसली. खरंच, हातभर मोकळी. सासूबाई पुन्हा धान पाखडायला बसल्या होत्या, तो आवाज वरून सरळ आत येत होता.

"तुम्ही तरी बोला," मी म्हटलं. आणि माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा फुसफुस बोलत होते.

"जाऊ द्या मॅडम." ती निखारे सारत राहिली. जरा वेळाने तिने विचारलं, "खोली तेच हाये ना? आवाजवाली?"

"तीच आहे."

"मंग तेच ठेवा. बदलू नोका." आणि आणखी हळू, "ह्यायले म्हना, तिथून एक फोन करा. बोलू नोका काही. नुसता आवाज आयकवा."

विमानाच्या तिकिटावर नाव बदलता येत नाही. एकाच्या जागी दुसरा बसवायचा तर जुनं तिकीट रद्द करून नवं काढावं लागतं. वनिताचं तिकीट रद्द करायचं बटण मीच दाबलं. 'प्रवाशाने प्रवास रद्द करण्याचं कारण' असा एक रकाना असतो. मी त्यात 'वैयक्तिक' लिहिलं. दुसरं काही बसत नव्हतं.

ते निघण्याआधी मी हेमराजला वनिताचा निरोप सांगितला. त्याच्या फोनवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून दिलं, नंबर कसा लावायचा ते दोन वेळा करून दाखवलं. त्याने मान हलवली. चित्रांना हलवली होती तशीच.

ते गेले आणि परत आले. आल्यावर हेमराज प्रसाद घेऊन ऑफिसात आला.

"कसं झालं?"

"माय लई खुश हाये. महादेव पाहून रडली."

"आणि हॉटेल?"

त्याने प्रसादाची पुडी टेबलावर ठेवली. मग सांगितलं. पोचले तेव्हा पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या होत्या. मायने विचारलं, पूजा कोनाची होती? सुमनने पाकळ्या गोळा करून महादेवासाठी पिशवीत भरल्या. केकवर दोन बदाम काढलेले होते, तो मायने अंड्याचा असेल म्हणून हातही लावला नाही. किनाऱ्यावरच्या मेणबत्तीच्या जेवणाला तिघं बसले. वाऱ्याने मेणबत्ती विझली, मायला अपशकुन वाटला, तेव्हा ते आत येऊन जेवले.

"आणि खोली?"

"बदलली," तो म्हणाला. "मायले झोप नाही लागली त्या आवाजानं. दुसऱ्या दिवशी मागची बगीच्याकडची एक खाली झाली, ते घेतली. तिथं अगदी शांत."

त्या खोलीसाठी मी महिनाभर माणसांशी भांडले होते.

"फोन केला होता का वनिताला?"

"केला ना." आता त्याचा आवाज पडला. "किनाऱ्यावर गेलो. माय अन् सुमन बी आल्या मागून. म्या नंबर लावला अन् फोन पान्याकडं धरला. काही बोललो नाही. तिनंच सांगतलं होतं ना, बोलू नोका."

"मग?"

"ते हॅलो हॅलो करत राहिली. मंग म्हनाली, नुसती खरखर येऊन राहिली, लाइन खराब हाये, मंग करा. अन् कापला."

"परत नाही लावला?"

"माय म्हने, किती पैसे घालवतं फोनात. चाल, जेवाचा टाइम झाला."

"अहो, पण घरी येऊन तरी सांगितलं ना तिला? की ती खरखर नव्हती, समुद्र होता?"

हेमराज उत्तर द्यायच्या आधी मला उत्तर कळलं होतं.

"कवा सांगू मॅडम?" तो म्हणाला. "रात्री सांगावं तं माय जागी असते."

तो गेल्यावर मी ऑफिसचं शटर अर्धं खाली ओढलं आणि रडले. मग न राहवून कामठ्याला फोन लावला. सासूबाईंनी उचलला. महादेवाचं वर्णन केलं, मला आशीर्वाद दिला. वनिताला द्या म्हटलं, तर म्हणाल्या, ते गाईचं करून राहिली, काय निरोप हाये ते मले सांगा, मी सांगते तिले. मी म्हटलं, काही नाही, सहजच.

पुढच्या साली ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आमच्या धंद्यात 'पुढच्या साली' नावाचा सीझन नसतो.

आता माझ्याकडे कोणी जोडपं समुद्रावर जायचं म्हणून आलं, की पासपोर्ट मी नंतर विचारते. आधी दोन प्रश्न. तुमच्या घराला कुलूप लागतं का? आणि घरी काय सांगितलंय? फिरायला जातो म्हणून सांगितलं असेल, तर मी किनाऱ्याकडची खोली बघायला घेते. दर्शनाला म्हणून सांगितलं असेल, तर न विचारता एक्स्ट्रा बेड टाकते.