शंभर रुपयांत चौघांचं जेवण

“या ताई मॉलमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, दोन चमचे ऑलिव्ह ऑइल द्या, अठरा रुपयांचं.”

शेफ हे माईकवरून म्हणाला आणि अख्खं नाट्यगृह हसलं. मी त्याच्या शेजारी उभी होते. अंगात ॲप्रन, ॲप्रनवर कंपनीचं नाव. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो पुढं म्हणाला, “सो क्यूट, ना?”

मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. माझ्या हाताखाली आठ बायका काम करत होत्या. मला क्यूट म्हणणारा हा पहिलाच माणूस, आणि तो ते मला म्हणतच नव्हता. समोरच्यांना म्हणत होता.

आता क्रमाने सांगते. मला क्रमाने सांगायची सवय आहे.

आम्ही मुकुंदवाडीतल्या नऊ बायका. आमचा बचत गट. शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या कँटीनला आम्ही रोज सातशे भाकरी पुरवायचो. ज्वारी पाचोडच्या आठवडी बाजारातून मी स्वतः आणायची, दाणा दाताखाली फोडून बघून. दळण कोणत्या दिवशी, कुणाचं सिलिंडर संपत आलं, कुणाची लेक बाळंतपणाला आली, तिच्या जागी कोण थापणार, हे सगळं माझ्या वहीत. पाच वर्षांत गाडी एकदाही रिकामी गेली नाही. पूर आला तेव्हाही नाही, गिरणीची मोटार जळली तेव्हाही नाही.

करार दर मार्चमध्ये नवा व्हायचा. फेब्रुवारीत त्याच कंपनीच्या समाजसेवा विभागाच्या मॅडमचा फोन आला. टीव्हीवरचा मोठा शेफ शहरात येणार होता. कामगारांच्या बायकांसाठी कार्यक्रम, ‘शंभर रुपयांत चौघांचं जेवण’. त्याच्यासोबत स्टेजवर एक साधी गृहिणी पाहिजे होती.

“तुम्हीच या. तुमचं रिन्यूअल पण आहे ना? साहेब व्हिडिओ बघणार आहेत.”

दोन्ही वाक्यं एका दमात. मी समजायचं ते समजले. येते म्हणाले.

“आणि हो, स्टेजवर तुमच्या घरचा एखादा पदार्थ विचारतील. पण ते तुमच्यातलं वाळवलेलं वगैरे नको हं. व्हेजच सांगा.”

तुमच्यातलं. मॅडमचा आवाज गोडच होता. तिसरीत असताना बाईंनी मला असाच गोड आवाजात डबा घेऊन व्हरांड्यात बसायला सांगितलं होतं. “तुझ्या डब्याचा वास येतो गं, बाळ.” तेव्हापासून डब्याचं झाकण अर्धं लावून, हात आत घालून खायची सवय लागली. ती जायला मॅट्रिक उजाडली. फोनवर मी फक्त “बरं” म्हणाले. हे बरं म्हणणं मला आजही टोचतं.

मग मॅडमनं पाककृतीचा कागद पाठवला. प्रत्येक जिन्नस, त्याचं माप, समोर किंमत. ऑलिव्ह तेल दोन चमचे, अठरा रुपये. फेटा चीज वीस ग्रॅम, बत्तीस. इटलीचा सिरका एक चमचा, सात. भोपळ्याच्या बिया, नऊ. चेरी टोमॅटो, एकवीस. ज्वारीचं पीठ, तेरा. बेरीज बरोबर शंभर. मी दोनदा तपासली. यादी व्यवस्थित होती. मला व्यवस्थित यादी दिसली की माझा विश्वास बसतो. तिथंच मी चुकले.

आमच्या गल्लीत जफरभाईचं दुकान आहे. त्याच्याकडे तेलाचा डबा असतो आणि डब्यात पळी. “कित्ते का दूं, आपा?” तो विचारतो. दहाचं म्हटलं की दहाचं ओततो. चहापत्ती पाचची, जिरं पाचचं, गूळ दहाचा. सगळी गल्ली अशीच घेते. त्यामुळं कागदावर ‘दोन चमचे, अठरा रुपये’ दिसलं तेव्हा मी धरून चालले की इतक्या मोठ्या माणसानं किंमत लिहिली आहे, म्हणजे त्या किमतीला ते कुठंतरी मिळत असणार. मॅडम मला गाडीतून जालना रोडवरच्या मॉलमध्ये घेऊन गेल्या. मी काउंटरवरच्या बाईला कागद दाखवला आणि दोन चमचे तेल मागितलं.

बाईनं मॅडमकडे बघितलं. मॅडम हसल्या. मग त्यांनी भराभर बाटल्या आणि डबे उचलून ट्रॉलीत टाकले, कंपनीच्या कार्डावर पैसे दिले, आणि घरी येईपर्यंत अधूनमधून हसत राहिल्या. बिल माझ्या हातात राहिलं. ते मी वहीत ठेवलं. दुसरं काही मनात नव्हतं, बिल मी ठेवतेच.

आणि आठ दिवसांनी तोच किस्सा शेफच्या तोंडात.

त्यानं सुरुवात केली “नमस्कार औरंगाबाद” अशी. खालून कुणीतरी खूण केली. “सॉरी, सॉरी, संभाजीनगर.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माझा किस्सा. मग स्वयंपाक.

भाकरी आमच्याच होत्या. कौसामावशीनं त्या सकाळी थापल्या होत्या. साठीची बाई, आमच्या गटात सगळ्यांत जुनी, भाकरी अशी की वर्तमानपत्रासारखी दुमडावी. इस्त्रीचं लुगडं नेसून ती तिसऱ्या रांगेत बसली होती, आपली भाकरी स्टेजवर बघायला. शेफनं एक भाकरी उचलून दिव्याकडे धरली. “देखिए, क्या रस्टिक ब्रेड है.” मग स्टीलची गोल कडी घेतली आणि एका भाकरीतून चार चकत्या कापल्या. चहाच्या बशीपेक्षा लहान. राहिलेली भाकरी, कडा, पापुद्रा, सगळं पायाजवळच्या बादलीत. दुसरी भाकरी. बादलीत. तिसरी.

मावशी उठून उभी राहिली. “अवो, कडा टाकू नका की. कालवणात भिजवून लई ग्वाड लागती ती.”

लोक पुन्हा हसले. शेफ म्हणाला, “माँजी, प्रेझेंटेशन!”

मावशी खाली बसली. पदर तोंडाला लावला. हसू दाबायला लावला असेल असं कुणाला वाटलं असेल. मी तिला ओळखते.

चकत्यांवर त्यानं टोमॅटोचे अर्धे तुकडे ठेवले. चीजचे कण टाकले. वीस ग्रॅम चौघांत, म्हणजे माणशी पाच. चिमणीला घालतो त्याहून कमी. वरून तेलाची धार, काळ्या सिरक्याचे थेंब. ताटाएवढी पांढरी प्लेट, मध्ये एवढंसं काहीतरी. यावर माझा मुलगा शाळेला गेला नसता, आणि हा माणूस ते आठ तास मशीनवर उभ्या राहणाऱ्याला घालायला निघाला होता. त्याला मशीन माहीत नाही. भूकही माहीत नाही. भूक त्याच्याकडं फोटो काढून झाल्यावर लागते.

“हो गया. चार जण, शंभर रुपये,” तो म्हणाला. “गरिबी किचनमध्ये नसते, ताई. डोक्यात असते.”

मॅडमनं माझ्या हातात कार्ड दिलं. समोर कॅमेरा. कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेलं: ‘शंभर रुपयांत चौघांचं पौष्टिक जेवण. मी रोज करते. तुम्हीही करा.’

तीन वाक्यं. तिन्ही खोटी. मी पदराखालची वही काढली. बिल त्यातच होतं.

“मी दुसरी यादी वाचते,” मी माईकवर म्हणाले. “तेलाची सगळ्यात लहान बाटली, साडेचारशे. चीजचा डबा, तीनशे वीस. सिरका, तीनशे साठ. बिया, एकशे ऐंशी. टोमॅटोचं पाकीट, सत्तर. झाले तेराशे ऐंशी. पीठ अजून धरलं नाही.”

नाट्यगृहात कुणीतरी शिट्टी मारली. शेफ हसतच होता. हसणं त्याच्या पोटापाण्याचा भाग आहे.

“पण ताई, बाटली महिनाभर पुरते ना!”

“पुरत असेल. पण महिन्याचे पैसे एका दिवशी द्यावे लागतात, साहेब. ते एका दिवशी घरात नसतात. म्हणून आम्ही पळीनं तेल घेतो.”

“प्लॅनिंग, ताई. सगळं प्लॅनिंगवर आहे.”

प्लॅनिंग. हे मला. रोजच्या सातशे भाकरी वहीवर चालवणाऱ्या बाईला. ज्याच्या कांद्याचे कापही दुसरा माणूस आधी करून वाटीत ठेवतो, त्यानं.

“तुम्ही एक महिना माझ्या वहीवर घर चालवा,” मी म्हणाले. “मग हे कार्ड तुम्हीच वाचा.”

कार्ड टेबलावर ठेवलं. ॲप्रन काढला, घडी घातली, तोही ठेवला. खाली उतरले आणि मावशीशेजारी जाऊन बसले. टाळ्या पडल्या की नाही, आठवत नाही. मॅडमचा चेहरा आठवतो.

परत येताना मावशी टेंपोतून मुकुंदवाडीच्या स्टॉपवर उतरली आणि म्हणाली, “लई झ्याक बोललीस. आता चूल त्या भाषणावर पेटवायची व्हय?”

ती चुकीचं बोलत नव्हती. मार्चमध्ये ईमेल आली, दोन ओळींची. कँटीनला यापुढे मशीनच्या चपात्या लागणार. नऊ घरांतलं काम गेलं. दोघी सिडकोत धुण्याभांड्याला लागल्या. एकीनं लेकीचा टायपिंगचा क्लास बंद केला. मी ओळीनं नावं लिहून घेतली, कुणाचं काय झालं ते. मला वाईट वाटलं. पण ते कार्ड वाचायला पाहिजे होतं असं एकदाही वाटलं नाही.

मे महिन्यात मॅडमचा पुन्हा फोन आला. कामगार त्या चपात्या खात नव्हते. दुपारपर्यंत रबर व्हायच्या. ताटं तशीच परत जात होती. “साहेब तयार आहेत. भाकरी परत सुरू करू. फक्त एक छोटासा व्हिडिओ. तुमच्या घरीच शूट करू, स्टेज वगैरे नाही. एकच ओळ म्हणायची.”

ओळ तीच.

संध्याकाळी आम्ही नऊजणी वस्तीतल्या बुद्धविहारात बसलो. मी फोनमधलं सगळं जसंच्या तसं सांगितलं.

“म्हणून टाक की,” कौसामावशी म्हणाली. “एका वळीनं तोंड काय झिजतंय का? त्यांनी तरी कुठं खरं बोलायचा मक्ता घेतलाय?”

“मावशी, तुझा जावई तिथंच कामाला आहे ना?”

“हाय की. मंग?”

“पगारवाढीची बोलणी चालू आहेत. जेवणाच्या भत्त्याचीही. माझा व्हिडिओ त्या बैठकीत लावतील. म्हणतील, तुमच्याच वस्तीतली बाई सांगतेय, शंभरात चार माणसं जेवतात. भत्ता कशाला वाढवायचा?”

हे मलाही फोन ठेवल्यावरच कळलं होतं. तोवर मी ते माझ्या अपमानाचं प्रकरण समजत होते. ती ओळ पाककृतीची नव्हतीच. ती आमच्या तोंडून आमचीच मजुरी ठरवून घेणारी ओळ होती. शेफला ते माहीत असायचीही गरज नव्हती. तो फक्त टोमॅटो कापायला आणला होता.

मावशी बोटांवर वाळलेलं पीठ नखानं काढत राहिली.

“मंग नगं,” ती म्हणाली. “जावायाच्या ताटात मी माती कालवू व्हय? नाय जमायचं.”

सुनीता उठली. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे. “मला उद्या पैसे लागतात, ताई. तुमचं बरोबर असंल. पण मला उद्या लागतात.” ती गेली. तिला कुणी अडवलं नाही. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेणार नाही.

राहिलेल्या आठजणींनी तिथंच पत्र लिहिलं. गटाच्या लेटरहेडवर, माझ्या अक्षरात. भाकरीचा दर आम्ही सांगू तो. करार दोन वर्षांचा. घरात कॅमेरा येणार नाही, आणि आमच्या खाण्यावर, आमच्या खर्चावर कंपनीसाठी एक शब्दही कुणी बोलणार नाही. आठ सह्या. त्यातला एक अंगठा मावशीचा.

पत्र मी स्वतः शेंद्र्याला जाऊन दिलं आणि पोच घेतली. आज एकवीस दिवस झाले. उत्तर नाही. काल मॅडमचा मेसेज आला, शेवटची अट तेवढी काढता येईल का.

मी लिहिलं: दर कमी करायचा असेल तर बसून बोलू. शेवटची अट राहील.