पाहुण्याला ‘नाही’ म्हणायचं बटण

मी संगमनेरच्या एका कॉलेजात हॉटेल व्यवस्थापन शिकवते. म्हणजे पलंगावर चादर कशी ताणायची, रुमालाचा हंस कसा करायचा आणि पाहुणा चिडला तरी आपण कसं चिडायचं नाही. यातलं शेवटचं मला स्वतःला अजून जमलेलं नाही, हे माझे विद्यार्थी शपथेवर सांगतील. तरीही भंडारदऱ्याच्या पाण्याकाठच्या एका वाडीत बायकांना सहा दिवसांचं प्रशिक्षण द्यायला मलाच पाठवलं. घरातल्या रिकाम्या खोल्या पर्यटकांना द्यायच्या, त्या मोबाईलच्या अ‍ॅपवर टाकायच्या, आणि हे सगळं डोंगरावर घाण न करता करायचं, असा तो अभ्यासक्रम होता.

पहिल्याच दिवशी मी प्लास्टिकवर तासभर तावातावाने बोलले. बायका माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघत होत्या. टेबलावर माझी पाण्याची बाटली होती, वाटेतल्या अकोले स्टँडवर विकत घेतलेली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! दुपारी जेवण आलं ते पळसाच्या पत्रावळीवर, पाणी तांब्यातून, आणि उष्टी पानं सरळ उकिरड्यात खत व्हायला. त्या विषयाचे उरलेले तास मी गुपचूप गुंडाळले.

वर्गात पहिला नंबर एका मावशींचा. पन्नाशीच्या, काटक, आणि चादर अशी ताणायच्या की तिच्यावर पापड लाटावा. मोबाईलही त्यांनी जिद्दीने शिकून घेतला. वाडीत रेंज फक्त देवळामागच्या खडकावर यायची, तर दिवसातून दोनदा खडकावर चढून बुकिंग बघून यायच्या. एवढी धडपड कशासाठी, ते त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं होतं. दरवर्षी दिवाळी झाली की त्यांचा मुलगा आणि सून खाली नारायणगावकडे मजुरीला जायचे, ते थेट उन्हाळा संपता संपता परतायचे. लहानग्या नातीलाही सोबत न्यायचे, तिची शाळा मध्येच सुटायची. घराच्या दोन खोल्या वर्षभर चालल्या तर त्यांना जावं लागणार नव्हतं.

खोल्या चालल्याही. पण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात माझ्या मोबाईलवर अ‍ॅपवाल्यांचा निरोप आला, कारण नोंदणी मी माझ्या नंबरवर केली होती. एकाच खोलीसाठी दोन-दोन पाहुणे येतात अशा दोन तक्रारी आल्या आहेत, तिसरी आली तर हे घर यादीतून काढू. माझं डोकं फिरलं. फोनवरून, ओळखीतून खोल्या भरल्या की अ‍ॅपवरची तारीख आपण बंद करायची, हे मी एक अख्खी सकाळ घोकून घेतलं होतं. स्वातंत्र्यदिनाच्या जोडून सुट्ट्या तोंडावर होत्या. मावशींना फोन लावला तर लागेना, आणि तारखा बंद करायची सोय फक्त त्यांच्याच मोबाईलवर होती. शेवटी स्कूटर काढली आणि राजूरचा घाटरस्ता धरला.

पोचले तर अंगणात माणसंच माणसं. दोन्ही खोल्यांत पाहुणे, माजघरात पाहुणे, आणि घरच्यांची अंथरुणं गोठ्यात. मी मावशींना बाजूला घेतलं आणि खूप बोलले. इतकं शिकवून काय उपयोग, एवढं एक बटण दाबता येत नाही का, असं काहीबाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“दाबता येतंय, बाई,” त्या म्हणाल्या. “पर त्यावर लिवलंय, जागा न्हाई. पावना यायच्या आधीच त्याला न्हाई म्हनायचं? आमच्यात असं बोललेलं घराला लागतं.”

माझ्या आईनेही आयुष्यात कुणाला दारातून परत पाठवलं नव्हतं, हे त्या क्षणी आठवलं आणि मी ओशाळले.

तेवढ्यात पुण्याची गाडी येऊन थांबली. नवरा-बायको, दोन मुलं आणि एक आजोबा. बुकिंग अ‍ॅपवरचं, अगदी रीतसर. आतली गर्दी बघून त्या गृहस्थांचा चेहरा बदलला आणि त्यांनी खिशातून मोबाईल काढून गर्दीचा फोटो घेतला. तिसरी तक्रार ती हीच, हे मावशींनाही कळलं. त्यांचा हात पदराशी गेला. रुमालाचे हंस करणारी मी नुसती बघत उभी राहिले.

पुढे झाली ती सून. तिने आजोबांच्या हातातली पिशवी घेतली आणि सासूकडे वळून म्हणाली, “आत्या, लग्नात वऱ्हाड कसं उतरवतो आपन? घरटी वाटूनच ना? मग ह्यांना पल्याडच्या घरी नेते.”

लग्नात तिथे खरंच तसं करतात. वऱ्हाड आलं की प्रत्येक घर आपापल्या वाट्याचे पाहुणे नेतं, आणि पाहुणे कुणाचे हे कुणी विचारत नाही. पल्याडच्या घरची बाई माझ्याच वर्गातली होती. तिने दहा मिनिटांत खोली लावली, नाचणीची भाकरी थापली आणि आजोबांच्या पायांवर गरम पाणी घातलं. पुणेकरांनी अ‍ॅपवर लिहिलं ते मी अजून जपून ठेवलंय. त्यात तक्रारीचा शब्दही नव्हता.

नंतर आम्ही नोंदणीच बदलली. एका घराऐवजी सगळी वाडी एकत्र यादीत टाकली. पाहुणा कुठल्याही दारात आला तरी जिथे खोली मोकळी असेल तिथे त्याला न्यायचं. शेवटचं घर भरलं की तारीख बंद करायची, आणि ते काम सुनेकडे. मावशी त्या वेळी खडकाकडे फिरकतसुद्धा नाहीत. आता प्रत्येक प्रशिक्षणात मी हा धडा पहिला घेते आणि वऱ्हाडाचं उदाहरण माझंच असल्यासारखं सांगते.

दिवाळीनंतर कामाची पाहणी करायला वर गेले, तेव्हा सकाळीच मुकादमाची पिकअप वाडीत आली होती. मजूर भरून घेत होती. मावशींच्या दारापुढे तिने दोनदा हॉर्न वाजवला. सून ओसरीत पाहुण्यांसाठी चहा गाळत होती. मुलगा बाहेर जाऊन चालकाशी दोन शब्द बोलला आणि गाडी पुढे निघाली. नात दप्तर घेऊन त्या गाडीच्या शेजारूनच शाळेला गेली.

मावशी गाडी वळणाआड होईपर्यंत तिथेच उभ्या होत्या. मी जवळ गेले तर डोळे पुसत होत्या. मला वाटलं काही बिनसलं.

“धा वर्सं ह्या गाडीमागं उभी ऱ्हाऊन रडले, बाई,” त्या म्हणाल्या. “आज गाडीत माजं कुनी न्हाई.”