आदी कोण?

पडदा वर जातो तो मांजरसुंब्याच्या फाट्यावर. कोवळी उन्हं, ट्रकांचे भोंगे, बंकटच्या हॉटेलातला पहिला चहा. आणि खांद्यावर घोंगडी टाकून येतो आहे धुळाजी मेंढपाळ.

काय दिवस होते त्या माणसाचे! कडा गावापासून मांजरसुंब्यापर्यंत मेंढरांमागे चालायचा आणि वाटेवरच्या बातम्या घेऊन यायचा. कोण वारलं, कुणाला लेक झाली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं. माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव. काही गाळायचा नाही. लोक हातातलं काम टाकून ऐकत. पुढे पेपर आला, मोबाइल आला, आणि धुळाजीला कुणी काही विचारीना.

त्या सकाळी मात्र तोच बातमी ऐकायला आला होता. आदल्या दिवशी कपिलधारच्या ओढ्याला अचानक लोंढा आला आणि दोन भाविक मधल्या खडकावर अडकले. धुणं धुवायला आलेल्या चार धनगरणींनी वाळत घातलेली लुगडी एकमेकांना गाठी मारून जोडली. एक टोक कमरेला बांधून धुळाजी पाण्यात उतरला आणि बायांनी तिघांनाही ओढून काठावर घेतलं. पुढारी सुंदरराव आणि त्यांचा कार्यकर्ता विजयसिंह तासाभराने आले आणि फोटो काढून गेले.

त्या चौघींत धुळाजीची बायको बायडाबाईही होती. पहाटेच तिने बजावलं होतं, "माजं नाव कसं छापलंय, नीट ऐकून या."

बंकटने पेपर उघडून मोठ्याने वाचलं, "सुंदरराव यांच्या प्रसंगावधानाने भाविक बचावले. सुंदरराव, विजयसिंह आदींनी मदत केली."

"ह्यो आदी कोण?" धुळाजीने विचारलं.

"तूच की बे! तू, वैनी, समदे त्यातच आले."

"चार बाया आन् मी, एका शब्दात? मेंढरं बी इतकी दाटून बसवत न्हाई मी!"

हॉटेल खदखदून हसलं. तेवढ्यात बातमी देणारा अंगदच चहाला आला. ओशाळून म्हणाला, "आबा, उद्या तुमचं नाव टाकतो."

"मंग लिव्ह. बायडाबाई धुळाजी. शिवकन्या नाथा. स्वप्ना परमेश्वर. तेजश्री हनुमान. माजं समद्यात मागून."

तोच जुना, खणखणीत आवाज. हसणाऱ्यांनी हातातला चहा खाली ठेवला. अंगदचा पेन मात्र अडला.

"आबा, एवढी नावं बसत न्हाईत हो."

"कावून बसत न्हाईत? सुंदरराव दोन जागी बसलाय. त्येला एका जागचं उठीव, आन् बायांना बसू दे."