खऱ्या सोन्याची खोटी मोहर

मी शाळेतून निवृत्त झाले त्या आठवड्यात दादा आशागडच्या त्याच्या चिकूच्या वाडीतून तलासरीला आला आणि त्याने माझ्या हातावर एक डबी ठेवली. आत सोन्याची मोहर. मला जुनी नाणी जमवायचा नाद आहे, पण माझ्याकडची सगळी तांब्याची नि चांदीची. दादाने ही एका अ‍ॅपवरून ऑनलाइन मागवली होती. सोबत ‘मुघलकालीन, अस्सल’ असं छापलेलं प्रमाणपत्रही होतं.

मी भिंग लावलं. जुनी मोहर हाताने ठोकून पाडलेली असते, अक्षरांच्या कडा स्पष्ट उठतात. हिची अक्षरं झिजलेल्या साबणासारखी गुळगुळीत होती आणि एका अक्षरावर बारीक ओरखडा होता. मी फोनवर त्याच विक्रेत्याचं पान उघडलं. तिथे तशीच आणखी एक मोहर विकायला होती आणि तिच्याही त्याच अक्षरावर तोच ओरखडा होता. वापरात पडलेला ओरखडा दोन नाण्यांवर हुबेहूब कसा येईल? दोन्ही एकाच साच्यात ओतलेली होती.

“दादा, ही खोटी आहे.”

त्याचा चेहरा उतरला. “सोनाराला दाखवू,” तो म्हणाला.

डहाणूच्या सोनाराने कस लावून पाहिला. “सोनं चांगलं आहे, ताई.”

दादाच्या जिवात जीव आला. मी मात्र दुकानातूनच विक्रेत्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“सोनं खरं आहे ना, मॅडम? मग तक्रार कसली?”

“तुम्ही जुनी मोहर म्हणून विकलीत. ही कालपरवा ओतलेली आहे.”

“नको असेल तर पुढे विका. सर्टिफिकेट आहेच तुमच्याकडे,” असं म्हणून त्याने शांतपणे फोन ठेवला.

“तसंच करू या,” दादा म्हणाला. “फोटो बघून कोणाला काय कळतंय?”

चिकूच्या पेटीत तळाशी बारीक फळ कधी न भरलेला माझा भाऊ हे बोलत होता. माझं डोकंच फिरलं.

“कापा ही,” मी सोनाराला म्हणाले. त्याने दादाकडे पाहिलं. “त्यांच्याकडे काय बघता? मी सांगतेय, कापा.”

त्याने कातरीने मोहरेचे दोन तुकडे केले. प्रमाणपत्र मी तिथेच फाडलं. दादा बाहेर पडला आणि एकटाच रिक्षाने घरी गेला.

अ‍ॅपवर तक्रार केली, तर ‘नियमभंग आढळला नाही’ असं उत्तर आलं. दुसरी मोहर अजून विक्रीला होती. मी रोज ते पान उघडून पाहायचे.

भाताची कापणी झाल्यावर दादा आला. चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, “तुझं चुकलं नाही. पण मी हौसेने आणली होती गं. कापायच्या आधी एकदा मला विचारायचंस.”

मी रिकामे कप गोळा केले. तो विक्रेता फोन ठेवून मोकळा झाला होता. समोर सापडला होता तो दादा, आणि माझा सगळा राग त्याच्यावर निघाला होता.