हिरवी तारा आणि वाचनाची खुर्ची

धम्मशीलाबाईंच्या घरात देवी बसली, ही बातमी गावभर व्हायला एक दुपार पुरली. गाव अमडापूरच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावरचं. नाव सांगत नाही, कारण तिथल्या विहार समितीचे अध्यक्ष हिंमतराव अजून अध्यक्षच आहेत.

झालं असं, की शेजारच्या पुष्पाबाई गवती चहाची पात मागायला गेल्या आणि भिंतीवरचं चित्र बघून उंबऱ्यातच थबकल्या. हिरव्या अंगाची बाई, डोक्यावर मुकुट, हातात कमळ. कमळ नि मुकुट म्हटल्यावर लक्ष्मीवाचून दुसरी कोण असणार? धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरात लक्ष्मी! पुष्पाबाई पात न घेताच परतल्या आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटल्या.

आता धम्मशीलाबाई काही ऐऱ्यागैऱ्या नव्हेत. त्यांच्या वडलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि परत येताच घरातले देव टोपलीत भरून विहिरीत सोडले. बाई स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहेतीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. अकरा वर्षं वाचनाची खुर्ची त्यांची होती. नवरा गेल्यापासून घर खायला उठायचं. पांढरी साडी नेसून, चष्मा पुसून त्या खुर्चीत बसलं की जीव थाऱ्यावर यायचा. हिंमतरावांनी नेमका तिथंच हात घातला.

त्या संध्याकाळी बायका सतरंजीवर बसल्या होत्या, मेणबत्त्या लागल्या होत्या. बाईंनी ग्रंथ उघडला तोच हिंमतराव उभे राहिले.

"बाई, घरातली देवी काढा, नाही तं वाचन सोडा. समितीचा निर्णय आहे."

"कोन देवी ते तरी सांगा, अध्यक्षसाहेब."

"ते तुमाले माहीत."

"मले माहीत आहे, तुमाले नाही. मंग आधी मले सांगू द्या. त्याच्यानंतर काय ठरवायचं ते ठरवा."

बायकांनी कान टवकारले होते. आता नाही म्हणायची हिंमत नावात हिंमत असलेल्या माणसालाही झाली नाही.

बाईंनी सांगायला सुरुवात केली, ती वर्गात सांगावं तशीच. ही तारा. बोधगयेच्या सहलीत विकत घेतली. बुद्धांनंतर हजारएक वर्षांनी याच देशातल्या काही भिक्खूंनी वेगळी वाट धरली. मंत्र आले, ध्यानासाठी रेखलेली मंडलं आली, हातांच्या मुद्रा आल्या आणि गुरूनं फक्त आपल्या शिष्यालाच सांगायची गुप्त विद्या आली. त्याला वज्रयान म्हणू लागले; तारा त्याच वाटेवरची. नालंदा-विक्रमशिलेत ते शिकवलं गेलं. तिथले आचार्य हिमालय ओलांडून तिबेटात गेले, कुणी समुद्रानं जावा-सुमात्र्याला, कुणी थेट चीनच्या राजधानीत. चीनमध्ये एक जपानी भिक्खू शिकायला आला आणि ती विद्या आपल्या देशी घेऊन गेला. पुढे इकडचे विहार जळाले, ओस पडले. तिकडे मात्र ते सारं टिकलं.

"अन् तारा काही परदेशी नव्हे. आपल्या वेरुळच्या लेण्यांत दगडात कोरलेली आहे. आपन सहलीत तिच्यासमोर उभं राहून शेवचिवडा खाल्ला अन् परत आलो."

बायका हसल्या. समितीचे सचिव अश्वजित मात्र गंभीरच होते. "पन बाई, मंत्रतंत्र तं आपन सोडले ना?"

"सोडले. मी बी सोडले. मी तिले उदबत्ती लावत नाही, हात जोडत नाही. मंत्रानं ताप उतरत नाही, हे पोरांले शिकवण्यात माझा जन्म गेला. पन सोडलेल्या गोष्टीचा इतिहास बी सोडायचा काय?"

"मंग चित्र काऊन लावलं?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"तिच्या कथेसाठी. इतिहास नव्हे, तिबेटी लोक सांगतात ती कथा. ती एक राजकन्या होती, मोठी अभ्यासू. भिक्खू तिले म्हणाले, आता पुढच्या जन्मी पुरुष हो, म्हणजे बुद्धत्व मिळेल. ती म्हणाली, बुद्ध व्हायले पुरुषाचा जन्म लागते, हे अडाण्याचं बोलणं आहे. मी जितके जन्म घेईन तितके बाईचेच घेईन."

"हाव! तोंडावर म्हणली?" पुष्पाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

हिंमतरावांनी वारं ओळखलं. आवाज मऊ केला. "बाई, हे तुमाले समजते. तुम्ही शिकलेल्या. अडाणी लोकाले काय समजनार? उलटंच घेतील. चित्र पेटीत ठेवा, कोनाले सांगू नका. खुर्ची तुमचीच."

बाईंनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. उरलेले दोन महिने संध्याकाळी घरात एकट्यानं बसणं म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग त्या उठल्या.

"माझ्या आज्याले बी असंच सांगत होते. पोथीले हात लावू नको, तुले समजनार नाही. सांगनारे तवा परके होते, हिंमतराव. आज आपलाच मानूस सांगून राह्यला."

हिंमतरावांनी निर्णय काही मागे घेतला नाही. बाईंनी ग्रंथ दोन्ही हातांनी अश्वजितना दिला, चालू पान दाखवलं आणि खाली येऊन सतरंजीवर अगदी पुढच्या रांगेत बसल्या. पुष्पाबाईंनी सरकून जागा केली.

"वाचा, अश्वजितभाऊ," बाई म्हणाल्या. "मी इथंच आहो. तुम्ही चुकले तं टोकीन. अन् चित्र निघनार नाही."