आईचा घडीचा चाकू

माझ्या मुलानं परवा महागातला घडीचा चाकू मागवला. फौजेतल्या मामांनी आईला दिला होता त्याच कंपनीचा, पण नव्या घडणीचा. अंगठ्यानं ढकललं की पातं उघडतं आणि आपोआप अडकतं. वजनालाही हलका आहे. आईच्या चाकूची मूठ शिसवीची होती, कडांना पितळ. पातं नखानं ओढावं लागे आणि ते खट्‌कन उघडे. ते खट्‌ मात्र या नव्यात नाही.

मी दहाएक वर्षांची असेन. जैनथ गावाहून आणलेली आमची वांगी पाहून आदिलाबादच्या बाजारातला दलाल सगळ्यांसमोर म्हणाला, "किडकी हायेत बाई. अर्ध्या भावात दे, नाही तं घेऊन जा."

आईनं कमरेचा चाकू काढला. खट्‌! त्याच्याच हातातलं वांगं घेऊन तिनं उभं चिरलं. आत पांढरंशुभ्र. "कुठं हाय कीड? दाखव मले." मग दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. कच्च्या वांग्याचा हिरवट वास पसरला.

"राहू दे बाई, पुऱ्या भावात घेतो."

"आता तुले देतच नाही."

टोपली उचलून ती रस्त्याच्या कडेला विकायला बसली. लोक बघत होते आणि मला लाज वाटत होती.

दुपारपर्यंत सगळी वांगी खपली. परतताना मी म्हणाले, "आई, त्याच्या दुकानावरून नको. मागून जाऊ."

"काऊन? रस्ता का त्याच्या बापाचा हाय?" म्हणत तिनं माझा हात धरला आणि आम्ही त्याच्या समोरूनच गेलो.