अर्थिंगला पाणी

१२ मार्च. धुणं वाळत घालत होते, तेवढ्यात शेजारच्या भाऊजींची रोजची हाक आली, "वैनी, अर्थिंगला बादलीभर पाणी घाला."

त्यांची शेड आमच्या भिंतीला लागून आहे. अर्थिंगची तार त्यांनी माझ्या धुण्याच्या दगडाजवळ ओल्या मातीत पुरली आहे. इंदापूरहून गेटांच्या ऑर्डरी यायला लागल्यावर त्यांनी लाकूड कोरायच्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या छोट्या सीएनसी मशीनला लोखंड कापणारा प्लाझ्मा टॉर्च बसवला. टॉर्च पेटताना कॉम्प्युटर अडकू नये म्हणून अर्थिंगची माती ओली हवी, असं ते म्हणतात. तळाला मात्र तीच प्लायवूडची फळी आणि फटींत जुना भुसा. भिंतीच्या अलीकडे माझा कडबा आणि दोन गाई. मी काही बोलले की भाऊजी मशीनला हात जोडतात आणि म्हणतात, "काय व्हत न्हाय."

पाणी घालून मी त्यांच्या शेडच्या दारात उभी राहिले. टॉर्च पेटला आणि कॉम्प्युटर हँग झाला. ज्योत एकाच जागी जळत राहिली, पत्र्यातून खाली उतरली आणि भुसा धुमसायला लागला. भाऊजी स्टॉपचं बटण दाबत होते, पण तेही त्याच कॉम्प्युटरला जोडलेलं. मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

त्यांनी फळीवर पाणी ओतलं आणि पत्रा उचलून पाहिला. "नक्षीचं एकच पान राह्यलं हुतं कापायचं. उद्या पाणी जरा जास्त घाला, वैनी."

१३ मार्च. सकाळी मी आधी सगळा कडबा गोठ्यामागं हलवला. हाक आल्यावर पाणी घातलं, आणि त्यांच्या शेडमध्ये जाऊन मेन स्विचखाली स्टूल टाकून बसले.